दुसरा भाग वाटण्यापूर्वी

व्यवसायाची व्यूहरचना, म्हणजे एखाद्या उद्योगसंस्थेने कोणत्या बाजारात उतरायचे, कोणत्या ग्राहकाला आपले मानायचे, कशाच्या बळावर प्रतिस्पर्ध्यापुढे टिकायचे आणि कोणत्या गोष्टींच्या वाटेला जायचे नाही हे ठरवण्याची विद्या, व्याख्यानातून सांगता येते पण व्याख्यानाने अंगी बाणत नाही, ही जाणीव व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या आरंभापासूनची आहे. हार्वर्डच्या विधी विद्यालयात ख्रिस्तोफर लँगडेल यांनी 1870 मध्ये न्यायालयीन निवाडे वाचून घेऊन त्यांतून कायदा शिकवण्याची पद्धत सुरू केली होती. त्याच विद्यापीठात 1908 मध्ये बिझनेस स्कूल निघाले तेव्हा पहिले डीन एडविन गे यांच्यापुढे तोच नमुना होता, परंतु व्यापारउद्योगात निवाडे छापून ठेवलेले नसतात, त्यामुळे वर्गात वाचायचे काय, हा प्रश्न बरीच वर्षे सुटला नाही. आर्च शॉ यांनी 1912 च्या सुमारास प्रत्यक्ष उद्योजकांनाच वर्गात बोलावून त्यांच्यापुढील अडचणी विद्यार्थ्यांसमोर मांडण्याचा मार्ग काढला. पुढे 1919 मध्ये डीन झालेल्या वॉलेस डोनहॅम यांनी, स्वतः कायद्याचे शिक्षण घेतलेले असल्याने, असे निर्णयप्रसंग शोधून लिहून काढण्याचे काम संस्थेचे नित्याचे काम करून टाकले.

निवाडा आणि केस यांत तरीही एक मूलभूत फरक राहिला, आणि या अध्यापनाचे सारे कसब त्या फरकाभोवतीच वाढले आहे. निवाड्याच्या शेवटी निकाल असतो व विद्यार्थी त्यामागची कारणमीमांसा तपासतो. केसमध्ये, म्हणजे खऱ्या संस्थेतील खऱ्या निर्णयप्रसंगाच्या लेखी मांडणीत, निकाल मुद्दाम बाहेर ठेवलेला असतो. पंधरावीस पानांत संस्थेचा इतिहास, बाजाराची स्थिती, प्रतिस्पर्ध्यांची माहिती आणि शेवटी आकड्यांची परिशिष्टे देऊन केस एका विशिष्ट तारखेला थांबते, आणि त्या तारखेला निर्णय घेण्याची जबाबदारी ज्या व्यक्तीवर आहे तिच्या खुर्चीत विद्यार्थ्याला बसवते. पुढे काय झाले ते असलेच तर ‘ब’ भागात असते, आणि तो भाग चर्चा पुरती रंगून मते ठरल्यावरच वाटायचा असतो. व्यूहरचनेच्या वर्गात शिकण्यासारखे जे आहे ते बहुतांशी ‘अ’ भाग वाचून झाल्यानंतरच्या आणि ‘ब’ भाग हाती येण्यापूर्वीच्या काळात घडते, आणि तो काळ राखणे हेच शिक्षकाचे मुख्य काम होय.

त्या काळाची तयारी वर्गाबाहेर सुरू होते. विद्यार्थ्याने केस आधी एकट्याने वाचायची, परिशिष्टांतील आकडे स्वतः मांडून पाहायचे, मग पाचसहा जणांच्या अभ्यासगटात आपले मत तपासून घ्यायचे आणि त्यानंतर वर्गात यायचे, असा हा क्रम आहे. हार्वर्डमध्ये सुमारे 90 विद्यार्थ्यांची तुकडी नालाकृती चढत्या बाकांवर बसते, जेणेकरून बोलणाऱ्याला केवळ शिक्षकाचाच नव्हे तर वर्गमित्रांचाही चेहरा दिसावा. हार्वर्डच्या सहकार्याने 1961 मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेनेही ही चर्चापद्धती आपली केली, आणि तेथून ती देशभरच्या संस्थांत पोचली. तिच्याबरोबर तिची बोलीही आली: न सांगता एखाद्याला उठवून चर्चेची सुरुवात करायला लावणे म्हणजे ‘कोल्ड कॉल’, आणि वर्गातील सहभागासाठी राखून ठेवलेले गुण म्हणजे ‘सीपी’. सीपीमुळे अबोल विद्यार्थी बोलू लागतो हे खरे, पण केवळ गुणांसाठी हात वर करणाऱ्यांचीही संख्या वाढते, आणि आधीच्या वक्त्याचे बोलणे पुढे नेणारे वाक्य व आपली हजेरी लावणारे वाक्य यांतला भेद शिक्षकाला दर तासाला करावा लागतो.

नवख्या विद्यार्थ्याचा पहिला आसरा चौकट हा असतो. मायकेल पोर्टर यांनी 1979 च्या आपल्या लेखात एखाद्या उद्योगातील नफा पाच दाबांनी ठरतो असे मांडले: प्रस्थापितांमधील चढाओढ, नव्याने शिरू पाहणारे, पर्यायी वस्तू, पुरवठादारांची ताकद आणि ग्राहकांची ताकद. ही मांडणी अत्यंत उपयोगी आहे. परंतु वर्गात ती पुष्कळदा अर्ज भरल्यासारखी वापरली जाते, प्रत्येक रकान्यात ‘अधिक’ किंवा ‘कमी’ असे लिहिले जाते आणि पाचही रकाने भरले की विश्लेषण संपले असे वाटते. अशा वेळी ‘मग करायचे काय?’ एवढाच प्रश्न पुरतो, कारण रकान्यांतून निर्णय आपोआप खाली पडत नाही हे त्या क्षणी सर्वांनाच दिसते. दुसरा आसरा ‘आणखी माहिती हवी’ हा. त्यावर कोणती माहिती हवी, ती मिळवायला किती दिवस लागतील आणि ती अमुक निघाली तर निर्णय बदलेल का, असे विचारले की बरीचशी मागणी मागे घेतली जाते, आणि जी उरते ती मात्र खरोखर मोलाची असते.

या पद्धतीचे बळ आणि तिचा धोका दोन्ही एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर 1983 मध्ये तयार झालेल्या होंडाच्या दोन भागांच्या केसकडे पाहावे. तिच्या ‘अ’ भागाचा आधार बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने 1975 मध्ये ब्रिटिश सरकारसाठी केलेला अहवाल हा आहे. ब्रिटिश मोटारसायकली अमेरिकेच्या बाजारातून हटत चालल्या होत्या आणि जपानी कंपन्या, विशेषतः होंडा, पुढे गेल्या होत्या. अहवालाचे स्पष्टीकरण असे की होंडाने जपानमध्ये लहान गाड्यांचे प्रचंड उत्पादन उभारून अनुभव-वक्राचा लाभ घेतला. एकूण उत्पादन जसजसे दुपटीने वाढत जाते तसतसा दर नगामागील खर्च ठरावीक प्रमाणात उतरतो, या निरीक्षणाला अनुभव-वक्र म्हणतात. त्या स्वस्ताईच्या बळावर होंडाने आधी लहान गाड्या अमेरिकेत आणून नवा ग्राहक तयार केला आणि मग मोठ्या गाड्यांकडे मोर्चा वळवला, असे या भागातून समजते. वर्गात ही केस घेतली की फळा झरझर भरत जातो. उत्पादनाचे आकडे, किमती, विक्रेत्यांचे जाळे असे सारे एका सूत्रात बसते, आणि होंडाच्या नेतृत्वाने दूरदृष्टीने आखलेली योजना असे त्या सूत्राला नाव देऊन वर्ग समाधानाने थांबतो.

मग ‘ब’ भाग वाटला जातो. रिचर्ड पास्कल यांनी 1982 मध्ये जपानला जाऊन होंडाच्या अमेरिकेतील प्रवेशाची जबाबदारी सांभाळलेल्या सहा अधिकाऱ्यांची मुलाखत घेतली, आणि त्यांनी सांगितलेली हकिगत फळ्यावरच्या सूत्राशी जुळत नाही. किहाचिरो कावाशिमा आणि त्यांचे सहकारी 1959 मध्ये लॉस एंजेलिसला गेले तेव्हा अमेरिकेत काहीतरी विकता येते का ते पाहावे, यापलीकडे निश्चित अशी व्यूहरचना त्यांच्याजवळ नव्हती. जपानच्या अर्थमंत्रालयाने अडीच लाख डॉलर गुंतवण्याची परवानगी दिली, त्यांतले रोख फक्त 1,10,000 डॉलर. ही मंडळी एकाच भाड्याच्या घरात राहिली, काहीजण जमिनीवर झोपले, आणि गोदामातील खोकी स्वतःच्या हातांनी एकावर एक रचण्याचे कामही त्यांनीच केले. त्यांचा भर 250 व 305 सीसीच्या मोठ्या गाड्यांवर होता. अमेरिकी चालक त्या गाड्या जपानपेक्षा कितीतरी लांब आणि वेगाने पळवत, त्यामुळे 1960 च्या वसंतात त्यांतून तेल गळू लागले आणि क्लच निकामी होऊ लागले, आणि नमुने विमानाने जपानला पाठवून दुरुस्तीची वाट पाहण्याची वेळ आली. मधल्या काळात ही माणसे शहरातली आपली कामे 50 सीसीच्या लहानशा सुपर कबवर फिरून उरकत असत. ती गाडी लोकांच्या नजरेत भरली, सिअर्स या मोठ्या विक्रीसंस्थेच्या खरेदीदाराने चौकशी केली, आणि जी गाडी अमेरिकेसाठी फार लहान समजून मागे ठेवली होती तिनेच बाजार उघडला. तिची विक्री मोटारसायकलींच्या पारंपरिक दुकानांपेक्षा खेळांच्या सामानाच्या दुकानांतून झाली. ‘चांगली माणसे होंडावर भेटतात’ या आशयाची पुढे गाजलेली जाहिरातही कंपनीच्या कोणत्या योजनेतून नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका पदवी-विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या कामातून आली.

हा भाग वाचून संपल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती शिक्षकाने घाईने भरून काढू नये. फळ्यावर नुकतेच लिहिलेले सूत्र चुकीच्या आकड्यांवर आधारलेले नव्हते. तरीही निर्णय घेणाऱ्यांच्या मनात ते नव्हते. परिणाम माहीत असलेल्या माणसाला मागे वळून पाहताना सगळी वळणे हेतुपूर्वक घेतलेली दिसतात, हे विद्यार्थ्याला कोणीही दोन वाक्यांत सांगू शकतो, आणि त्याने ते मान्यही केले असते. परंतु तासभर स्वतः ते सूत्र बांधून, त्याची बाजू लावून धरून, मग ते कोसळताना पाहिल्यावर त्याला जे कळते ते वेगळ्या दर्जाचे असते. हेन्री मिंट्झबर्ग यांनी आखलेली व्यूहरचना आणि उगवलेली व्यूहरचना असा भेद केला आहे: पहिली आधी ठरते व मग अमलात येते, दुसरी करता करता, चुकत आणि शिकत, आकाराला येते व तिला नाव नंतर मिळते. होंडाचे उदाहरण दुसऱ्या प्रकारासाठी जगभर दिले जाते.

पण येथेच थांबणारा शिक्षक विद्यार्थ्यांचे नुकसान करतो, असे ठामपणे म्हटले पाहिजे. पास्कल यांना मिळालेली हकिगतही वीसेक वर्षांनंतर आठवून सांगितलेली आहे, आणि विजयी माणसांच्या आठवणींत योगायोग व कष्ट यांना मिळणारी जागा आकड्यांपेक्षा नेहमीच मोठी असते. सुपर कब स्वस्तात आणि उत्तम बनवण्याची क्षमता जपानमध्ये आधीच उभी नसती तर लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरचा योगायोग वाया गेला असता. त्या अहवालाच्या लेखकांपैकी मायकेल गूल्ड यांनी 1996 मध्ये मिंट्झबर्ग यांना उत्तर देताना असेही दाखवून दिले की अहवालापुढचा प्रश्न होंडा कशी जिंकली हा नव्हता, ब्रिटिश उद्योगाने आता काय करावे हा होता. आणि त्या प्रश्नासाठी स्पर्धकाच्या खर्चाचे गणित मांडणे हेच योग्य होते. म्हणजे ‘अ’ आणि ‘ब’ हे खोटे व खरे असे दोन भाग नसून दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरे आहेत, आणि आपल्यापुढे कोणता प्रश्न आहे हे ओळखणे हीच विश्लेषणाची पहिली पायरी आहे. चर्चा येथवर आणायला एक तास पुरत नाही. पुढचा तास त्यासाठी मोकळा ठेवण्याची तयारी अभ्यासक्रम आखणाऱ्याने दाखवली पाहिजे, मग एखादी केस कमी झाली तरी चालेल.

मराठी वाचकाच्या ओळखीची अशी एक केस मुंबईच्या डबेवाल्यांची आहे. हार्वर्डच्या स्टीफन थॉम्के यांनी ती 2010 मध्ये लिहिली. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही सेवा व्याख्यानांतून बहुधा अचूकतेचा चमत्कार म्हणून सांगितली जाते, आणि तेवढ्यावर थांबले की व्यूहरचनेच्या वर्गाला तिचा उपयोग राहत नाही. पोर्टर यांनी 1996 मध्ये असा भेद मांडला की एखादे काम इतरांपेक्षा सफाईने करणे वेगळे आणि कोणते काम करायचेच नाही हे ठरवून त्याभोवती सारी रचना जुळवणे वेगळे, आणि व्यूहरचना हे नाव दुसऱ्याला द्यावे. या दृष्टीने पाहिले की डब्याचे झाकण बारकाईने वाचावेसे वाटते. रंग, अक्षरे आणि अंक यांची ती खूण डबा कोणत्या भागातून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरायचा आणि कोणत्या इमारतीत कितव्या मजल्यावर जायचा एवढेच सांगते; त्यावर ग्राहकाचे नाव नसते, पत्ता नसतो, खास सूचनेला जागाही नसते. डब्याचा आकार लाकडी खोक्यात बसेल असाच हवा. घरी डबा ठरल्या वेळी तयार नसेल तर डबेवाला थांबू शकत नाही, कारण त्याची लोकल थांबत नाही. मुकादमाच्या हाताखालचा प्रत्येक गट आपले ग्राहक आणि आपला हिशेब स्वतः सांभाळतो. यांतला प्रत्येक नकार दुसऱ्या नकाराला आधार देतो, आणि म्हणूनच ‘त्याच माणसांनी परतीच्या वेळी पार्सलेही का पोचवू नयेत?’ हा वर्गातला नेहमीचा सल्ला दिसतो तितका निरुपद्रवी नाही. पार्सलाचा आकार ठरलेला नसतो, वेळ ठरलेली नसते, आणि झाकणावरची खूण त्याला पुरत नाही.

आज ‘ब’ भाग रोखून धरणे अवघड झाले आहे, कारण प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात फोन आहे आणि पुढे काय झाले ते दोन मिनिटांत सापडते. तसे शोधू नका ही विनंती बहुतेकजण पाळतात, परंतु तिच्यावर विसंबून राहण्यापेक्षा केसची तारीख बदलून पाहणे अधिक फलदायी ठरते. डबेवाल्यांची केस 2010 मध्ये उभी राहून चर्चिली तर प्रश्न वाढीचा असतो. तीच मार्च 2020 नंतरच्या महिन्यांत नेली, जेव्हा टाळेबंदीमुळे कार्यालये रिकामी होती आणि लोकल सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद होत्या, तर तेच नकार, जे कालपर्यंत बळ होते, ते कोणी आणि कोणत्या क्रमाने सोडायचे असा प्रश्न होतो. त्या महिन्यांत किती ग्राहक परत येतील, घरून काम करण्याची सवय किती टिकेल, गावी गेलेली माणसे पुन्हा या कामाला येतील का, यांतले काहीही मुकादमाला सांगता येत नव्हते. वर्गातल्या विद्यार्थ्याने त्याच्या जागी बसून आपल्या गटातील माणसांना पुढचा महिनाभर काय करायला सांगायचे, ते तेवढ्याच माहितीवर ठरवायचे असते.