वाळकं पान राहू द्या

सावलीच्या बागेत काय लावावं असं कोणी विचारलं, की मी पहिलं नाव बाशिंगाचं घेतो. काही ठिकाणी याला वांदरबाशिंग म्हणतात. माथेरानपासून आंबोलीपर्यंत सह्याद्रीत आंब्या-फणसांच्या खोडांवर, कातळांवर, जुन्या भिंतींवर हा नेचा सहज दिसतो. लिनीअसने १७५३ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पानं ओकच्या पानांसारखी कातरलेली, म्हणून त्याच्या नावात ‘क्वेर्सिफोलिया’ आलं. पुस्तकांत तो अजून ड्रायनेरिया म्हणून सापडतो. हल्ली वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ॲग्लाओमॉर्फा या प्रजातीत घालतात. भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला हा नेचा चार महिन्यांचा धो धो पाऊस आणि आठ महिन्यांचा कोरडा काळ दोन्ही पचवतो. नाजूक हंसराज वैशाखात कोमेजतो, तेव्हाही बाशिंग तग धरून असतं.

हे बळ त्याच्या दोन प्रकारच्या पानांत आहे. हिरवी पानं लांब देठाची, खोल कातरलेली, हातभर किंवा त्याहून मोठी असतात. अन्न तयार करणं आणि बीजुकं धरणं हे त्यांचं काम. दुसरी पानं आखूड, रुंद, बिनदेठाची. खोडाला चिकटून वर उघडी राहतात. ती लवकरच तपकिरी, कडक होतात, पण गळत नाहीत. त्यांच्या खोबणीत वरून पडणारा पालापाचोळा, धूळ, किड्यांची विष्ठा साचते, कुजते आणि त्यांचं खत होतं. बाशिंगाची मुळं या खतातच शिरतात. जमीन नसलेल्या जागी हे झाड स्वतःची माती स्वतः तयार करतं.

म्हणूनच बागेत बाशिंगाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे टापटीप. वाळकी पानं दिसली की माळी कात्री काढतो आणि झाड स्वच्छ करून देतो. प्रत्यक्षात त्याने झाडाची माती, खत आणि पाण्याचा साठा एकाच वेळी उचलून नेलेला असतो. अशी सफाई दोन-तीनदा झाली की झाड खंगतं. मग त्याला खत-पाणी वाढवलं जातं आणि उरलेलं खोड कुजतं. तपकिरी पानांना हात लावू नका. उलट बागेतला सुका पाला चुरून मूठभर त्यांच्यात टाका. बाशिंगाला एवढं खत पुरतं.

आणखी एक गैरसमज झाडांच्या जिवावर बेततो. बाशिंगाला बांडगूळ समजून लोक ते आंब्यावरून खरवडून काढतात. बांडगूळ फांदीत शिरून तिचा रस घेतं. बाशिंगाची मुळं सालीला फक्त धरून असतात. आंब्याकडून ते आधाराखेरीज काही घेत नाही.

लावायचं तर ज्येष्ठ-आषाढात, पाऊस स्थिरावल्यावर. वीतभर लांबीचा, बोटाएवढा जाड खोडाचा तुकडा घ्यावा. त्यावर तपकिरी, लोकरीसारखे खवले असतात आणि टोकाला वाढीचा डोळा असतो. असे एक-दोन डोळे असलेला तुकडा खडबडीत सालीच्या झाडावर किंवा लाकडाच्या ओंडक्यावर, खाली नारळाची सोडणं ठेवून काथ्याने बांधावा. डोळा मोकळा राहिला पाहिजे. कुंडीतच लावायचं असेल तर सोडणांचे तुकडे, विटांचे खडे आणि पालाखत वापरावं, आणि खोड वर टेकवून ठेवावं. मातीत पुरलेलं खोड सडतं.

सावली म्हणजे अंधार नव्हे. आंब्याखालचा कवडशांचा उजेड किंवा इमारतीची उत्तरेची बाजू त्याला मानवते. पावसाळ्यात पाणी द्यावं लागत नाही. हिवाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा, उन्हाळ्यात थोडं अधिक, तेही सोडणं कोरडी झाली आहेत हे बोटाने पाहून. पाणी साचू देऊ नये.

हिरव्या पानांच्या मागे शिरांच्या मधोमध गोल ठिपके ओळीने दिसतात. ते बीजुकांचे पुंज आहेत. त्यांना कीड समजून औषध मारू नका. खवले कीड वाट्टेल तशी विखुरलेली असते, नखाने खरवडली की सुटते आणि पान चिकट करते. ती साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढावी.

कोरडे दिवस आले की घाटावरच्या अनेक बागांत बाशिंगाची हिरवी पानं पिवळी पडू लागतात. पुढे त्यांचे खंड एकेक करून गळतात आणि नुसते मधले दांडे उभे राहतात. झाड मेलं असं समजून ते उपटू नका. कोरड्या दिवसांत पानं टाकून ते खोडातलं पाणी राखतं. पहिल्या पावसाबरोबर त्याच खोडातून नवी पालवी येते.

शेवटी एक विनंती. घाटात फिरायला गेलात तर झाडावरचं बाशिंग उपटून आणू नका. बीजुकापासून आधी नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो; त्यावर पाण्याचा थर असेल तरच फलन होतं आणि मग कुठे इवलासा नेचा उगवतो. त्याचा भरघोस झुपका व्हायला वर्षं जातात. ज्याच्या बागेत बाशिंग जोमात आहे त्याच्याकडून वीतभर तुकडा मागून घ्या, आणि तुमचं वाढलं की दुसऱ्याला द्या. एका झुपक्यातून अनेक बागा भरतात. त्यासाठी जंगलाला हात लावण्याची गरज नाही.