दाणा आणि नळी

हिंगणा एमआयडीसीतून नळीचं सॅम्पल आलं की सोबतचा माणूस हमखास म्हणतो, "मॅडम, प्लास्टिकचा दाणा मेडिकल ग्रेडचाच आहे." असेलही. पण रुग्णाच्या अंगात दाणा जात नाही. वितळवलेली, शाईचा छाप मारलेली, इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केलेली नळी जाते. म्हणून मी तयार माल मागते, पाकिटासकट.

तपासायचं असतं ते नळीतून काय झिरपतं. नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असेल तर मिलिलिटरभर द्रवाला सहा चौरस सेंटिमीटर तुकडे घ्यायचे, जाड असेल तर तीन. ३७ अंशांवर २४ तास अर्क उतरू द्यायचा. काढाच तो, बिनउकळीचा. नागपुरात उन्हाळ्यातला नवतपा इथे आडवा येतो. साधा इन्क्युबेटर तापवतो, थंड करत नाही. एसी बंद पडून खोली पस्तिशीला गेली की त्याचा ३७ चा आकडा सुटलाच.

मग तो अर्क एल-९२९ या उंदराच्या पेशींवर घालायचा. त्या मिळतात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात. मूळ उंदीर १९४० च्या दशकातला, अमेरिकेतला; त्याच्या पेशी अजून वाढताहेत! धडधाकट पेशी तळाला चिकटून, टोकं पसरून बसतात. बिघडल्या की गोल होतात, सुटून तरंगतात. जिवंत पेशींचं प्रमाण ७० टक्क्यांखाली गेलं की माल विषारी धरायचा. हा आकडा मशीन देतं, पण मी आधी सूक्ष्मदर्शकात पाहते. शेजारी कथिलाचं संयुग घातलेलं पीव्हीसी मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथल्या पेशी मेल्याच पाहिजेत, नाहीतर सगळी तपासणी रद्द.

खरी पंचाईत रक्ताच्या पिशवीची. तिचं पीव्हीसी मऊ ठेवणारं डीईएचपी रक्तात उतरतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने प्रजननसंस्थेला इजा झालेली दिसते, आणि तेच लाल पेशींचं आवरण सांभाळतं, म्हणून रक्त ४२ दिवस टिकू शकतं. विदर्भात सिकलसेल आहे, थॅलेसेमियाही. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढतं, तेही आयुष्यभर. एका वेळचा संपर्क चार तासांचा, म्हणून कारखानदार फॉर्मवर '२४ तासांपर्यंत' या रकान्यात खूण करतो. आयएसओ १०९९३ हे मानक मात्र वारंवारच्या संपर्काची बेरीज करायला सांगतं. ती केली की पिशवी थेट तीस दिवसांवरच्या रकान्यात जाते. मग जनुकांवरच्या परिणामाच्या, शिवाय महिनोन्महिने चालणाऱ्या तपासण्या मागे लागतात आणि बिलावरून घासाघीस सुरू होते.