पुढचा कोण?

आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईने मोटारींच्या शर्यतींवर लिहायला घेतलंय हे वाचून आमच्या धाकट्या जावेला हसू येणार, हे मला ठाऊक आहे. हसू दे. रविवारच्या फोनवर तब्येत, पाऊस आणि भाज्यांचे भाव झाले की आमच्याकडे पुढचा विषय रॅलीच असतो. लेक-जावई फिनलंडमध्ये तांपेरेला राहतात. नातू तिथेच जन्मला, वाढला. म्हणजे जंगलातल्या मातीच्या रस्त्यावरून गाडी उडवणं हा जिथे जवळजवळ राष्ट्रीय छंद आहे, तिथला. आता सोळाचा आहे.

त्याने मला पाच नावांची यादी पाठवली. पुढच्या दहा वर्षांतला रॅलीचा जगज्जेता यांच्यातूनच होणार म्हणे. "आजी, आता तू तुझी यादी दे."

एवढंच असतं तर गंमत म्हणून दिली असती. पण त्याच आठवड्यात लेकीचा वेगळा फोन आला, तो घरात नसताना. "आई, तू छत्तीस वर्षं मुलं पाहिलीस. याच्यात खरंच काही आहे, की नुसतं वेड आहे? खरं काय ते सांग." झालं! एकाच्या दोन याद्या झाल्या.

आधी त्यातली सोपी घेते. फिनलंडमध्ये कोणालाही विचारा, काले रोवानपेराचं नाव निघतं. वडील हारी रोवानपेरा स्वतः रॅलीपटू, २००१ची स्वीडन रॅली जिंकलेले. पोरगा आठ वर्षांचा असताना बर्फावर छोटी टोयोटा चालवतानाचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. पुढे हा लॅटव्हियात स्पर्धा करायचा, पण परवान्याचं वय नाही. मग स्पर्धेचा टप्पा हा चालवणार आणि मधल्या सार्वजनिक रस्त्यावर शेजारचा सहचालक! २०२१मध्ये एस्टोनियाची रॅली त्याने विसाव्या वर्षी जिंकली आणि २०२२मध्ये बाविसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी न्यूझीलंडमध्ये जगज्जेता झाला. त्याआधीचा सर्वांत तरुण जगज्जेता कॉलिन मॅकरे, १९९५मध्ये, सत्तावीस वर्षांचा. २०२३लाही कालेच. असं भाकीत करायला ज्योतिषी कशाला हवा? आणि मग २०२५मध्ये, पंचवीस वर्षांचा असताना, त्याने रॅली सोडून जपानमध्ये सर्किटवरच्या शर्यतींत उतरायचं जाहीर केलं. हे मात्र कोणाच्याच यादीत नव्हतं. नातू दोन दिवस धड जेवला नाही.

आता उलट बाजू पाहा. या खेळातली सर्वांत जास्त विजेतेपदं दोन फ्रेंच माणसांकडे आहेत, प्रत्येकी नऊ. सेबास्तियाँ लोएब मूळचा जिम्नॅस्ट, पोटासाठी इलेक्ट्रिशियन. सेबास्तियाँ ओजिए स्कीइंग शिकवायचा. दोघांच्याही बापाच्या अंगणात रॅलीची गाडी नव्हती. फ्रान्समध्ये तरुण चालक हुडकून काढण्यासाठी एक स्पर्धा घेत. फी माफक, गाडी त्यांची, आणि थोडं अंतर चालवून दाखवायचं. ओजिए २००५मध्ये त्यातून निवडला गेला. लोएब मात्र त्याआधी दोनदा शेवटच्या फेरीपर्यंत जाऊनही जिंकला नव्हता. परीक्षकांनी तेव्हा दुसऱ्या कोणाला पहिला नंबर दिला, तो मुलगा पुढे काय करत असेल, हा माझ्यातल्या मास्तरणीला पडलेला प्रश्न. असो.

तिसरा यारी-मात्ती लाटवाला. २००८मध्ये बावीस वर्षांचा असताना स्वीडन जिंकून तोवरचा सर्वांत तरुण विजेता झाला. एकूण अठरा रॅली जिंकल्या, जगज्जेतेपद एकदाही नाही. आणि २०२१मध्ये टोयोटाच्या संघाचा प्रमुख झाल्यावर त्याच्याच हाताखाली काले जगज्जेता झाला. बेल्जियमचा थिएरी न्यूव्हिल पाच वेळा दुसरा आला आणि छत्तिसाव्या वर्षी, २०२४ला, पहिला. (आपल्याकडचं कोणी नाही का, असं भाऊ विचारेलच. दिल्लीचा गौरव गिल आशिया-पॅसिफिकचा तीनदा विजेता आहे, २०१९मध्ये त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला.)

मग बघायचं तरी काय? वेग बघून उपयोग नाही, वेडा वेग पुष्कळांकडे असतो. मला या खेळातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे वही. स्पर्धेआधी चालकाला तो रस्ता हळू वेगाने दोनदाच बघायला मिळतो. त्या दोन फेऱ्यांत तो बोलतो आणि सहचालक लिहून घेतो: वळण किती तीव्र, कुठे आवळत जातं, उंचवट्यापलीकडे रस्ता सरळ आहे की डावीकडे वळतोय. स्पर्धेत सहचालक ते वाचतो आणि हा न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी झोकून देतो. २०२५च्या फिनलंड रॅलीत विजेत्याचा सरासरी वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर होता, तोही झाडांमधून, मातीवर. म्हणजे स्वतः लिहवलेल्या शब्दांवर जिवाचा विश्वास. दुसऱ्याची वही इथे कामाची नाही. गाईड पाठ करणारी मुलं आणि स्वतःच्या शब्दांत टिपणं काढणारी मुलं यांच्यातला फरक मला सहामाहीलाच दिसायचा, त्याला वार्षिक परीक्षा लागत नसे.

म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव ऑलिव्हर सोलबर्ग. २००३च्या जगज्जेत्या पेटर सोलबर्गचा मुलगा, आईसुद्धा रॅलीपटू. पण माझं कारण ते नाही. २०२२च्या अखेरीस, एकविसाव्या वर्षी, मोठ्या संघाने त्याला काढलं. खालच्या वर्गात तीन वर्षं घासली, आणि २०२५मध्ये एस्टोनियात एकाच स्पर्धेपुरती वरच्या वर्गातली टोयोटा हाती मिळाली तर तीच रॅली जिंकला. दुसरं नाव सामी पायारी. २०२१चा ज्युनिअर विजेता, जिथे सगळ्यांना एकसारखी गाडी मिळते. माझ्या मते ते बोर्डाच्या पेपरासारखं आहे, लोएब आणि ओजिएही तिथूनच वर आले. नातू म्हणाला, "आजी, ही दोन नावं तर कोणीही सांगेल." सांगू दे.

लेकीचं उत्तर द्यायला मला महिना लागला. नातू तिथे 'योक्किस' चालवतो, पंधराव्या वर्षापासून परवानगी असते. जुनाट गाड्यांची मातीतली शर्यत. नियम गमतीचा आहे: शर्यत संपली की ठरलेल्या किमतीला तुमची गाडी कोणीही मागू शकतो आणि तुम्हाला ती विकावी लागते. त्यामुळे श्रीमंताच्या पोराला गाडीवर पैसे ओतून उपयोग नाही. मी गेल्या उन्हाळ्यात दोन शर्यती पाहिल्या. एकीत तो सातवा आला, दुसरीत चाक निखळलं. रात्री जेवताना त्याने मला प्रत्येक वळण सांगितलं, कुठे लवकर ब्रेक दाबला, कुठे पुढच्याने धूळ उडवली. स्वतःहून, आणि गाडीला दोष न देता.

लेकीला मी मिशेल मूतोंची गोष्ट सांगितली. ही फ्रेंच बाई आधी सहचालक होती. बापाला ते पटेना. त्याने गाडी घेऊन दिली, म्हणाला, एक वर्ष, स्वतः चालवून दाखव. १९८१मध्ये ती सान रेमो जिंकली. जागतिक रॅली जिंकलेली ती पहिली बाई. बापाला वर्षाच्या सुरुवातीला यातलं काही माहीत असणं शक्यच नव्हतं.

"म्हणजे आहे की नाही?" लेकीने विचारलं. मी म्हटलं, टिपणं काढतोय. शाळेचे मार्क पडले नाहीत तर एक हंगाम आणखी दे, नव्या हेल्मेटचे पैसे मी पाठवते.

जावई म्हणाले, हेल्मेट इथेच चांगलं मिळतं, आई, तुम्ही फक्त शेंगदाण्याची चटणी पाठवा.