वाटा आखण्याचा अधिकार

शिकण्यासाठी दूरदेशीची माणसे वर्धा जिल्ह्यात येणे ही काही अलीकडची गोष्ट नव्हे. १९३६ साली गांधीजी शेगाव या खेड्यात राहावयास आले, पुढे त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले, आणि त्या काळात इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची कन्या मीराबेन, श्रीलंकेतून आलेले आर्यनायकम्, जपानचे बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी अशा अनेकांनी या भूमीशी आपले आयुष्य जोडले. म्हणूनच एका परदेशी विद्यापीठातील विद्यार्थी येथील महाविद्यालयीन मुलामुलींच्या सहकार्याने कापसावर परस्परसंवादी अनुबोधपट तयार करण्यासाठी येत असून त्यांना दुभाष्याची गरज आहे, असा निरोप जेव्हा माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाकडे आला, तेव्हा हे काम मला त्या जुन्या परंपरेचाच एक भाग वाटले आणि मी आनंदाने रुजू झालो.

या प्रकारच्या अनुबोधपटाचा आदि, मध्य आणि अंत दिग्दर्शक एकदाच ठरवून टाकीत नाही. दृश्ये, जबान्या, नकाशे आणि ध्वनी यांचे अनेक तुकडे संगणकावर परस्परांशी जोडलेले असतात आणि एका तुकड्यावरून दुसऱ्या कोणत्या तुकड्याकडे जावयाचे हे प्रेक्षक स्वतः ठरवितो. १९७८ च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत ॲस्पेन शहराचे रस्ते चित्रित करून पाहणाऱ्यास त्यांतून स्वेच्छेने फिरता यावे अशी योजना झाली होती. आणि २०१० साली कॅटरिना सिझेक यांनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी केलेल्या ‘आऊट माय विंडो’ या कृतीने जगातील १३ शहरांतील उंच इमारतींच्या रहिवाशांची घरे व हकीकती प्रेक्षकांपुढे खुल्या केल्या. आमच्या विद्यार्थ्यांनी धाम नदीच्या खोऱ्यातील एका गावचे रान, हिंगणघाटचा कापूस बाजार, जिनिंगमधील यंत्रांची घरघर आणि १९३८ साली उघडलेल्या मगन संग्रहालयातील चरखे ही आपल्या कृतीची स्थळे म्हणून निवडली होती.

सेवाग्रामच्या आश्रमातील माती, बांबू आणि कवेलूंच्या कुटी पाहून झाल्यावर मी त्यांना कनू गांधींची हकीकत सांगितली. गांधीजींच्या या नातवाने (तो त्यांच्या पुतण्याचा मुलगा) छायाचित्रे काढण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा गांधीजींनी तीन अटी घातल्या होत्या: झगमगता दिवा वापरावयाचा नाही, छायाचित्रासाठी कोणास मुद्दाम उभे करावयाचे नाही आणि या कामाचा खर्च आश्रम सोसणार नाही. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेरा आला आणि त्या अटींच्या मर्यादेतच आश्रमजीवनाचे एक अमोल चित्रदप्तर सिद्ध झाले. ते ऐकून विद्यार्थ्यांनी पहिल्या दोन अटी आपल्यासाठीही स्वीकारल्या, आणि त्यांत आणखी एका अटीची भर घातली: आधी वेचणी, मग चित्रण.

ही तिसरी अट वर्ध्याच्या मातीला सर्वथा शोभणारी होती, कारण उत्पादक हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे हा नई तालीमचा विचार ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत राष्ट्रापुढे मांडला गेला. कॅमेरे पिशव्यांत ठेवून मुले पराटीत, म्हणजे कपाशीच्या रानात, उतरली. वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना ओरखडू लागली, कमरेची ओटी भरता भरेना, आणि मजुरी किलोवर मिळते याचा अर्थ दुपारच्या उन्हात प्रत्येकास आपल्या पाठीने कळला. त्या रानात मला एक गोष्ट विशेष जाणवली: शहरात वाढलेली आमची मराठी मुले तेथे परदेशी मुलांइतकीच नवखी होती, आणि या समान नवखेपणातूनच त्यांची मैत्री जुळली.

कच्चा आराखडा तयार झाल्यावर तो प्रथम गावातच दाखवावा असे ठरले. ज्यांच्या शेतात आम्ही वेचणी केली होती त्या मावशींच्या ओसरीवर संगणक मांडला, आणि त्यांनी स्वतः बोट टेकवून आपल्या शेताचे दृश्य उघडले. तेथून पुढे जाणारी एकच वाट होती. ती कर्जाच्या आकड्यांकडे आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांकडे नेत होती. मावशी क्षणभर थांबून म्हणाल्या, “गुरुजी, माह्या पराटीतून निंगालेला रस्ता कर्जाकडेच काहून जाते? माही पोरगी नर्सिंग शिकते, तिकडंबी जाऊ द्या ना.”

एका विद्यार्थिनीने नम्रपणे विचारले की कर्ज हे सत्यच असताना ते झाकावे काय. मी प्रश्न मावशींपुढे ठेवला. कर्ज झाकू नका, त्या म्हणाल्या; पण वेचणीच्या आरंभी आम्ही सीतादहीची पूजा करतो तीही दाखवा, आणि बाजारात भाव कसा ठरतो हे व्यापाऱ्यालाही विचारा. पुढे मुले ज्यांच्या ज्यांच्या जबान्या घेतल्या होत्या त्या प्रत्येकाकडे गेली, आपल्या बोलण्यापासून वाट कोठे जावी हे त्यांस विचारले, आणि त्यानुसार सारी जुळणी नव्याने केली. कर्जाची वाट कायम राहिली, परंतु ती आता अनेक वाटांपैकी एक होती.

या नव्या कलेची थोरवी सांगताना प्रेक्षकाच्या स्वातंत्र्याचा गौरव सर्वत्र केला जातो. परंतु ते स्वातंत्र्य म्हणजे कर्त्याने आखलेल्या वाटांतून एक निवडण्याची मुभा होय, आणि वाटा आखण्याचा अखत्यार ज्याच्या हाती तोच खरा सूत्रधार ठरतो. त्या अखत्यारात ज्यांचे जीवन चित्रित झाले त्यांना हिस्सा मिळाला नाही, तर प्रेक्षकाच्या हाती कितीही मोकळीक दिली तरी ती दुसऱ्याच्या आयुष्यावर उपभोगलेली मोकळीक राहील. म्हणून माझी मनःपूर्वक सूचना अशी की परदेशी अध्ययनाच्या अशा प्रत्येक अभ्यासक्रमात कच्चा आराखडा गावाला दाखविण्यास आणि गावाच्या सांगण्यावरून तो बदलण्यास स्वतंत्र अवधी राखून ठेवावा, गुणदान त्यानंतरच व्हावे, आणि पूर्ण झालेल्या कृतीची एक प्रत गावच्या शाळेत दाखल करावी. परक्या देशात जाऊन केवळ पाहणे हे पर्यटकालाही साधते. तेथील माणसांनी आपल्या कामात केलेली दुरुस्ती स्वीकारणे हेच विद्यार्थ्याचे लक्षण आहे.