ताडपत्री

आमच्या माळ्यावर एक ताडपत्री आहे. जाड सुती कापडाची, मेणचट, मूळची हिरवी. कडेच्या पितळी कड्या निम्म्याच उरल्यात. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ट्रक चालवणं सोडलं तेव्हा ३५ वर्षांच्या नोकरीचं म्हणून त्यांनी घरी आणलं ते एवढंच. पेन्शन नाही, फंड नाही.

१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा मी पुढे कधीतरी वाचला. दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा, आठवड्याची सुट्टी, सगळं त्यात लिहिलं होतं. पण तो लागू व्हायचा पाच किंवा जास्त कामगार असतील तिथे. अण्णांच्या मालकाच्या गाड्या दोन. दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर. एक माणूस कमी पडला आणि अण्णा कायद्याबाहेर राहिले.

ते लासलगावचा कांदा मुंबईला न्यायचे. आधी मशीद बंदरला, बाजार हलल्यावर वाशीला. उन्हाळ कांदा चाळीत साठवून पावसाळ्यात विकायला काढतात, म्हणजे भर पावसातच तो कसारा घाट उतरतो. भिजला तर सडतो, आणि गच्च झाकला तर घामेजून सडतो. म्हणून सर आली की गाडी कडेला घ्यायची, गोण्यांच्या थप्पीवर चढून ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे; उघडीप मिळाली की बाजू वर करून माल वाऱ्याला द्यायचा. एका रात्रीत तीन-चारदा. "तान्ह्या पोरासारखं आहे," अण्णा म्हणायचे, "पांघरूण घालायचं, पण नाक उघडं ठेवायचं."

मे महिन्यात ती अंगणात पसरली जायची. अण्णा दाभण-सुतळीने ठिगळं लावत आणि मी कड धरून बसे. बाप घरी असण्याचे आमचे दिवस ते एवढेच. तिथेच त्यांनी मला गाठ शिकवली. कितीही ताण येऊ दे, हलत नाही; सुटं टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी. "सोडणाऱ्या हमालानं शिवी देऊ नये, अशी मार," हा त्यांचा निकष. ताईच्या लग्नात मांडवावर हीच ताडपत्री होती. अक्षता पडेपर्यंत कांद्याचा वास येत होता, आणि ताईला त्याचं काही वाटलं नाही. एका वळवाने घराचे पत्रे उडवले तेव्हा आईने विंचूरच्या धाब्यावर निरोप ठेवला. वाशीहून रिकामी गाडी घेऊन परतताना अण्णांना तो मिळाला. रात्री आले, घरावर ताडपत्री ताणली, दोर बांधले, आणि आम्ही उठायच्या आत पुढच्या भाड्याला निघून गेले. त्या पहाटे मी त्यांना पाहिलं नाही, पण छपराच्या वाशाला त्यांची गाठ होती.

इगतपुरीजवळ एकदा थप्पीवर उभं राहून दोर आवळताना समोरून मोटार आली, दिवे पूर्ण वर. अण्णांचे डोळे दिपले, पाय सरकला, मनगट मोडलं. तरी गाडी पोचवली. स्टिअरिंग डाव्या हाताने, गिअर क्लीनरने टाकले. काही गोण्या भिजल्या म्हणून मालकाने पगारातून पैसे कापले. हे मी माफ केलेलं नाही. अण्णांनी केलं होतं.

गेल्या आषाढात ते गेले. शेवटचे दोन महिने रात्री दचकून उठायचे. "पाऊस लागला का गं?"

"उघडलाय, अण्णा."

"बाजू वर केल्यास?"

"केल्या."

मग झोपायचे.

पावसाळ्यात रात्री घाट चढता-उतरताना कडेला ट्रक उभा दिसला, तर त्याच्या मालावर बघा. वर कुणीतरी दोर ओढत असेल. गाडी हळू करा आणि दिवे खाली घ्या.