आधी सुई, मग रस्ता

आमच्या गाडीच्या नंबराची सुरुवात एमएच ३० ने होते. पोहरादेवीला आलेला नवा माणूस विचारतोच, "अकोल्याची गाडी का?" अकोल्याची नाही. १९९५ ची मारुती ८०० आहे आणि तेव्हा हा सगळा भाग अकोला जिल्ह्यातच होता. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. जिल्हा बदलला, गाडीची पाटी तीच राहिली. ट्रकची नोकरी सुटल्यावर अब्बांनी २००८ साली ती जुनी म्हणून घेतली. आयुष्यभर दुसऱ्याचे स्टिअरिंग धरलेल्या माणसाची ती पहिली स्वतःची गाडी.

(घरात उर्दू, शाळेत उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि यात्रेच्या दिवसांत कानावर गोरबोली, असा आमचा भाषेचा संसार आहे. 'हम' म्हणायची सवय असल्याने मराठीतही 'मी' जिभेवर येत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

बी.एड. होऊन बरीच वर्षे शिकवण्या केल्या, तेव्हा कुठे २०२४ मध्ये शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली. मानधन महिना १८,०००. त्याच वर्षी अब्बांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस सुरू झाले. चार तास मशीनवर पडून राहिल्यानंतर एसटीच्या गर्दीत उभे राहण्याची ताकद माणसात उरत नाही. भाड्याची गाडी महिन्यातून आठ वेळा करणे आमच्या हिशेबात बसत नव्हते. भाईजान पुण्याला. मग स्टिअरिंग आम्हीच हातात घेतले. पहिल्या दिवशी शाळेतल्या मुली फाटकापर्यंत धावत आल्या, "आपा गाडी चला रहे!"

चालवणे लवकर जमले. गाडी सांभाळणे मात्र एक चूक करून शिकलो.

त्या दिवशी शाळेत परीक्षा होती. रेडिएटरचा खालचा पाइप थोडा पाझरत होता, ते सकाळी जमिनीवरच्या ओलीवरून दिसलेही होते. पाइप साठ-सत्तर रुपयांचा. म्हटले, संध्याकाळी बघू. वाटेत तापमानाची सुई वर चढू लागली आणि आम्ही घड्याळाकडे बघत पुढे जात राहिलो. शाळा गाठली, पण गाडीच्या मागे पांढरा धूर होता. दिग्रसच्या मिस्त्रींनी ऑइलची पट्टी काढून दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते. हेड गॅस्केट गेले होते, पाणी ऑइलमध्ये मिसळले होते. मारुतीचे हेड ॲल्युमिनियमचे. ते तापले की वाकते, मग घासून सपाट करावे लागते. खर्च साडेपाच हजार, आणि गाडी चार दिवस गॅरेजात. त्या चार दिवसांत अब्बांची एक पाळी चुकली. दुसरे वाहन मिळेपर्यंत त्यांच्या पायांना सूज आली आणि आडवे झाले की श्वास लागायचा. अम्मी रात्रभर त्यांना उशीला टेकवून बसल्या. अब्बा आम्हाला काही बोलले नाहीत. बरे वाटल्यावर एवढेच म्हणाले, "बेटा, पहले सुई देखना, रस्ता बाद में."

तेव्हापासून दर जुम्माला शाळेतून आल्यावर बॉनेट उघडतो. पाण्याची पातळी इंजिन थंड असतानाच बघायची. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी कोमट पाण्याने धुवायची. प्लग काढून रंग बघायचा. विटकरी असेल तर ठीक, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. ऑइलला आम्ही कधी काटकसर करत नाही, सीटकव्हर मात्र फाटलेलीच आहेत. अब्बा खाटेवरून नुसता आवाज ऐकतात आणि सांगतात, "एक प्लग नहीं मार रहा." बहुतेक वेळा खरे निघते. स्वतःच्या डायलिसिसलाही ते 'फिल्टर बदली' म्हणतात.

पेट्रोलचे नवे प्रकरण आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. या गाडीचे रबर त्यासाठी बनलेलेच नव्हते. एक दिवस गाडीत पेट्रोलचा वास आला, तर पाइपला तडे गेलेले. आता दर सहा महिन्यांनी तेवढा पाइप बदलतो. इथेनॉल पाणी धरते, म्हणून टाकी रिकामी ठेवत नाही.

५ एप्रिल २०२५, रामनवमीचा आदला दिवस. सेवालाल महाराजांच्या समाधीला निघालेल्या तांड्यांनी रस्ता भरून गेला होता. अब्बांना घेऊन परतत होतो. त्या उन्हात, पहिल्या-दुसऱ्या गियरवर रेंगाळता रेंगाळता गाडी बंद पडली. सुई जागेवर होती, म्हणजे पाण्याचा दोष नव्हता. पंपातले पेट्रोल तापून वाफ झाली होती. वाफ अडकली की पंप पेट्रोल ओढत नाही. उपाय सोपा, पंपावर ओले फडके टाकून थांबायचे. फडके होते, पण बाटलीतले पाणी अब्बांसाठी मोजलेले. एक म्हातारी बंजारा बाई थांबली, मागच्या सीटवर अब्बांकडे बघितले आणि डोक्यावरची कळशी उतरवली. "याडी, तुम्हाला अजून चालायचं आहे," आम्ही म्हटले. तिने ऐकलेच नाही, पाणी फडक्यावर ओतत राहिली. वीस मिनिटांनी चार पोरांनी ढकलले आणि गाडी सुरू झाली. कळशी बहुधा रिकामीच झाली होती. ती आम्ही मागे वळून बघितली नाही, याची अजून लाज वाटते.

नोव्हेंबरात नोंदणीची मुदत संपत होती. नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. ग्रीन टॅक्स वेगळा, नव्या नंबरपाटीचे ७४५ आणि वर जीएसटी. भाईजान फोनवर म्हणाले, "भंगारात द्या, तेवढ्या पैशात नवीचे दोन हप्ते निघतील." दोन निघतील, पुढचे अठ्ठावन्न कुठून? अम्मींनी त्यांच्या बांगड्यांकडे बघितले, आम्ही नाही म्हटले. शिकवणीचे आगाऊ पैसे घेतले आणि फी भरली. हेडलाइट, ब्रेक, हॉर्न, सगळे तपासून गाडी पास झाली.

घरी आल्यावर अब्बांनी कागद वाचायला लावला. मुदत नोव्हेंबर २०३० पर्यंत. त्यांनी तारीख पुन्हा वाचायला सांगितली.

"उसको पाँच साल मिल गए," ते म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहिले आणि विचारले, "स्टेपनी में हवा देखी क्या? परसों जाना है."