गावाचं नाव लावण्याआधी

जिओकॅशिंगमध्ये कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने शोधायचा असतो. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसच्या अचूकतेवरचं बंधन उठवलं आणि लगोलग ऑरेगन राज्यात पहिला डबा ठेवला गेला. या डब्यांमधून प्रवास करणारी वस्तू म्हणजे ट्रॅव्हल बग. तिला कोड कोरलेली धातूची पट्टी अडकवलेली असते. ज्याला सापडेल त्याने ती दुसऱ्या डब्यात नेऊन ठेवायची आणि संकेतस्थळावर कोड टाकून नोंद करायची.

न्यू जर्सीत राहायला आल्यावर जगावेगळा इतिहास असलेल्या छोट्या गावांच्या नावाने मी असे बग सोडू लागले. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रेलियाच्या बगला दगडी कोळशाचा खडा बांधला. कितीतरी डबे कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीएवढेच असतात. खडा त्यांत मावेना, त्यामुळे बग एका जागी अडकला. मी संकेतस्थळावर टाकलेल्या फोटोत कोड स्पष्ट दिसत होता. बग हातातही न घेता लोकांनी नोंदी केल्या. न्यू मेक्सिकोतल्या ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेसने 1950 मध्ये ‘हॉट स्प्रिंग्ज’ हे नाव सोडून एका रेडिओ कार्यक्रमाचं नाव घेतलं. त्याच्या बगला कुठे जायचंय, ते मी फक्त संकेतस्थळावर लिहिलं. रानात फोनला रेंज नसते. तो बग कुणी उचलला, पुढे त्याचा पत्ताच नाही.

या चुका पुढच्या वेळी टाळता आल्या. सेंट्रेलियाच्या बगसाठी लिहिलेल्या मजकुरातली चूक मात्र मनाला लागली. ‘भुतांचं गाव, लोक पळून गेले’ असं मी लिहिलं होतं. बग सापडलेल्या एका बाईंनी नोंदीत कळवलं, की ते त्यांचं आजोळ आहे, तिथे अजून माणसं राहतात आणि टेकडीवरच्या चर्चमध्ये आजही प्रार्थना होते.

मग मी नीट वाचलं. 1962 मध्ये जुन्या खाणीच्या खड्ड्यातला कचरा पेटवला गेला. आग कोळशाच्या थरांत शिरली ती अजून धुमसते आहे. 1980 च्या दशकात अमेरिकी काँग्रेसने स्थलांतरासाठी 4 कोटी 20 लाख डॉलर मंजूर केले. हजाराच्या आसपास माणसं गेली. जावं की राहावं, यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फूट पडली. 1992 मध्ये राज्याने उरलेली घरं ताब्यात घेण्याचं ठरवलं. तरीही काही जण हटले नाहीत, कोर्टात लढले. 2013 च्या तडजोडीत त्यांना हयातभर तिथेच राहण्याचा हक्क मिळाला. माझ्या दोन ओळींत यांपैकी कुणालाच जागा नव्हती.

मी मजकूर बदलला आणि त्या बाईंची माफी मागितली.

तुम्हीही एखाद्या गावाच्या नावाने बग सोडणार असाल, तर वस्तू लहान निवडा, कोड झाका, कुठे जायचं ते कार्डावर लिहून पट्टीलाच जोडा. आणि त्याआधी, त्या गावात आज कोण राहतं ते शोधून काढा.